शंभर बियांची टर्की आणि तिळात घोळलेलं चॉकलेट

 

आज गोडाचं बोलायचं आहे. पण सुरुवात एका भांडणापासून.

आमच्यातली एक जण किराणा आणायला दुकानात गेली. बिल झालं अठ्ठ्याण्णव रुपये, तिनं शंभरची नोट दिली. दुकानदार म्हणाला, सुटे नाहीत, आणि दोन चॉकलेटं पुढं केली. तिनं ती घेतली. दुसऱ्या दिवशी गेली, तेव्हा दोन रुपये कमी पडत होते. तिनं तीच दोन चॉकलेटं काढून गल्ल्यावर ठेवली. दुकानदार चिडला, म्हणाला, हे काय नाणं आहे का? ही म्हणाली, काल होतं की!

बैठकीत तिनं हे सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मग चॉकलेटाचा इतिहास शोधायला लागलो आणि कळलं, की बाई बरोबर बोलली होती. ज्या बियांपासून चॉकलेट होतं त्या बिया एके काळी खरोखरच नाणं होत्या.

ही गोष्ट आताच्या मेक्सिको आणि ग्वाटेमाला या मुलखातली. तिथं कोकोचं झाड होतं. हे झाड मोठं चमत्कारिक, फळ फांदीच्या टोकाला नाही तर थेट खोडाला लागतं, आपल्या फणसासारखं. फळ साधारण लांबट पपईएवढं. फोडलं की आत पांढऱ्या गरात गुंडाळलेल्या तीस-चाळीस बिया. तिथले माया लोक आणि त्यांच्यानंतरचे अ‍ॅझ्टेक लोक या बियांना इतकं मोल देत, की बाजारात त्या मोजून व्यवहार चाले. १५४५ साली त्लाश्काला नावाच्या गावच्या बाजाराची एक दरयादी लिहिली गेली, ती अजून शिल्लक आहे. त्यात टर्कीच्या मादीचा, म्हणजे कोंबडीच्याच जातीच्या मोठ्या पक्ष्याचा भाव आहे शंभर चांगल्या बिया. बिया सुरकुतलेल्या असतील तर एकशेवीस. एका मोठ्या टोमॅटोला एक बी. मक्याचं पीठ पानात गुंडाळून उकडतात, आपल्या कोकणातल्या पानगीची बहीण शोभेल असा पदार्थ, त्यालाही एकच बी. आणि जिथं पैसा तिथं खोटा पैसा. बियांची सालं काढून त्यात माती भरून, पुन्हा चिकटवून बाजारात खपवणारे लोकही तिथं होते. हे ऐकून आमच्या गटाच्या खजिनदार बाई म्हणाल्या, माणूस सगळीकडं सारखाच.

जाता जाता सांगतो, टोमॅटो हा शब्द याच लोकांच्या भाषेतून आला आणि आपला चिकूसुद्धा. मिरचीही त्याच मुलखातली. म्हणजे ज्यांच्याशी आपली ओळख नाही असं वाटतं, त्यांच्या घरची निम्मी पाटी आपल्या आठवडी बाजारात रोज मांडलेली असते.

आता हे लोक चॉकलेट खात नव्हते, पीत होते. आणि ते गोडही नव्हतं. बिया भाजायच्या, सालं काढायची, वाटायच्या, पाण्यात कालवायच्या, वर मिरची टाकायची. कडू आणि तिखट. वाटायचं काम बायांचं. त्यासाठी तीन पायांचा, मध्ये थोडा खोलगट दगडी पाटा असे, त्याला ते मेटाटे म्हणतात. बाई त्याच्यापुढं गुडघे टेकून बसते आणि दोन्ही हातांत लांबट दगडी वरवंटा धरून पुढं-मागं करते. कोको वाटताना पाट्याच्या खाली थोडा विस्तव ठेवत, कारण या बीमध्ये निम्मं तूपच असतं, पाटा कोमट असला की वाटण सैल होऊन वाहायला लागतं. त्या पाट्याचं चित्र आम्ही मोबाइलवर पाहिलं तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, हिचे गुडघे गेले असणार.

वाटलेलं पेय एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतायचं, पुन्हा उलट, असं करत करत वर फेस आणायचा. फेस नसेल तर ते पेय हलक्या दर्जाचं. साधारण तेराशे वर्षांपूर्वीच्या एका माया भांड्यावर असं उभ्यानं ओतणारी बाई रंगवलेली आहे. चॉकलेटाच्या इतिहासात राजांची, व्यापाऱ्यांची, कारखानदारांची नावं भरपूर आहेत. या बाईचं नाव नाही, चित्र तेवढं आहे.

मग स्पॅनिश लोक आले. राज्य त्यांचं झालं आणि कडू पेयात साखर पडली. ती साखर कुणाच्या घामाची होती, ते पुढं येईलच. आधी एक गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. मेक्सिकोच्या चियापास भागातली. तिथल्या श्रीमंत स्पॅनिश बायका चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना दासींकडून गरम चॉकलेटाचे पेले मागवत. कारण काय, तर आमचं पोट नाजूक आहे, इतका वेळ उपाशी बसवत नाही. बिशपनं बंदी घातली. ऐकलं नाही, तर धर्मातून बाहेर काढू, असा कागद दारावर लावला. बायकांनी ते चर्चच सोडलं आणि दुसरीकडं जायला लागल्या. पुढं बिशप आजारी पडला आणि मेला. गावात कुजबुज अशी, की त्याला चॉकलेटाच्या पेल्यातूनच विष गेलं. थॉमस गेज नावाच्या इंग्रज पाद्र्यानं हे १६४८ सालच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं. विषाचं खरं-खोटं त्या बिशपला माहीत, पण प्रवचन चालू असताना चहा मागवायची हिंमत आमच्यात कुणाची नाही, एवढं नक्की.

मेक्सिकोत आजही नाताळच्या दिवसांत गरम चॉकलेट करतात. त्यात मक्याचं पीठ घालून दाट शिजवलं की त्याला चंपुरादो म्हणतात. ज्वारीच्या पिठाची आंबील डोळ्यांसमोर आणा, त्यात गूळ, दालचिनी आणि कोको. थंडीत अंग शेकणारं पेय, भाकरीसारखं पोटही भरणारं.

युरोपात पुढचे दोनशे-अडीचशे वर्षं ते श्रीमंतांचं पेयच राहिलं. तो भाग आम्ही भरभर सांगतो. १८२८ साली हॉलंडमध्ये व्हॅन हौटेन यांनी बियांतलं तूप दाबून वेगळं काढायचं यंत्र केलं, मागं राहिली ती कोको पावडर. १८४७ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहरात फ्राय कंपनीनं ती पावडर, साखर आणि वितळलेलं कोकोचं तूप एकत्र करून वडी पाडली. म्हणजे दातांनी तोडायचं चॉकलेट जेमतेम पावणेदोनशे वर्षांचं आहे. १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटर यांनी त्यात दूध घातलं. कारखाने निघाले, भाव उतरले आणि चॉकलेट पोरांच्या हातात आलं. हॉलंडमध्ये डिसेंबरच्या सुरुवातीला संत निकोलसचा सण असतो. त्या सणाला मुलांना त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर चॉकलेटमध्ये करून देतात, आणि सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणीही देतात. बघा, फिरून नाण्यावरच आलं!

आता जिथं आमचं मन रमलं ती गोष्ट. घरी, चुलीवर, बायकांनी केलेल्या चॉकलेटाची.

अमेरिकेत मुलींसाठी व्हासर नावाचं कॉलेज होतं, न्यूयॉर्क राज्यात. एमिलिन हार्ट्रिज ही तिथली विद्यार्थिनी. तिनं पुढं पत्रात लिहून ठेवलं, की १८८६ साली बाल्टिमोर शहरात तिच्या वर्गमैत्रिणीच्या चुलत बहिणीनं फज नावाची वडी केली होती आणि ती चाळीस सेंटला एक पौंड, म्हणजे साधारण अर्धा किलो, या भावानं विकली जात होती. एमिलिननं कृती मिळवली आणि १८८८ साली कॉलेजच्या एका लिलाव-कार्यक्रमासाठी तीस पौंड फज केला. साखर, दूध, चॉकलेट, लोणी, बस. मग मुलींच्या इतर कॉलेजांतही तो पसरला, प्रत्येकीची कृती थोडी वेगळी. वसतिगृहाच्या खोल्यांत, दिवे मालवायच्या वेळेनंतर, छोट्या शेगडीवर मुली चोरून फज करत. घरापासून लांब, पहिल्यांदाच स्वतःच्या हातात थोडा पैसा आणि थोडा वेळ असलेल्या मुली. एमिलिननं पुढं मुलींची शाळा चालवली.

१८८६ म्हटल्यावर आमच्यातल्या शिक्षिका बाईंनी लगेच आठवण करून दिली. त्याच वर्षी मार्च महिन्यात आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. बाल्टिमोर तिथून फार लांब नाही, दीड-पावणेदोनशे किलोमीटर. आनंदीबाईंनी फज पाहिला असेल असं आम्ही म्हणत नाही. पण एकाच काळात, एकाच मुलखात मुली शिकायला घराबाहेर पडल्या होत्या. कुणी वडी करत होती, कुणी हाडांची नावं पाठ करत होती.

फजची कृती वाचली आणि आम्ही म्हटलं, अगं, ही तर आपली नारळाची वडी! दूध-साखर-चॉकलेट शिजवत न्यायचं, थेंब गार पाण्यात टाकून बघायचा, बोटांत मऊ गोळी झाली की उतरवायचं. गोळीबंद पाक. तिकडच्या बायका त्याला त्यांच्या भाषेत मऊ गोळीच म्हणतात. कोमट झाल्यावर घोटायचं, म्हणजे साखरेचा रवा बारीक पडतो आणि वडी जिभेवर विरघळते. गरम असताना घाईनं घोटलं तर वडी खरखरीत होते. लोणावळ्याला गेलेल्या कुणी चिक्कीबरोबर चॉकलेट फज आणला असेल, तर तो खाताना या मुली आठवा.

दुसरी गोष्ट ब्राझील देशाची, आणि ही ऐकून आमच्यातल्या माजी सरपंच बाईंचे डोळे चमकले. ब्राझीलमध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला १९३२ साली. त्यानंतर तिथं हुकूमशाही आली, निवडणुका थांबल्या. १९४५ च्या २ डिसेंबरला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हा बायका खऱ्या अर्थानं या मोठ्या मतदानात उतरल्या. एक उमेदवार होते एदुआर्दो गोमेस, हवाई दलातले अधिकारी. त्यांचा हुद्दा ब्रिगादेरो. दिसायला देखणे आणि अविवाहित, आणि त्यांच्या प्रचारात हे दोन्ही गुण मोठ्यानं सांगितले जात! त्यांच्या बाजूच्या बायकांनी प्रचाराला पैसा उभा करायला एक गोड गोळी करून विकायला सुरुवात केली. डब्यातलं आटवलेलं गोड दूध, कोको पावडर आणि लोणी. शिजवायचं, लाडूसारखं वळायचं, बाहेरून चॉकलेटच्या बारीक शेवया लावायच्या. लोक म्हणायला लागले, ब्रिगादेरोचा गोड. ब्रिगादेरो निवडणूक हरले. गोळी मात्र जिंकली. आज ब्राझीलमध्ये मुलाचा वाढदिवस तिच्याशिवाय होत नाही आणि नाव अजून ब्रिगादेरोच आहे. सरपंच बाई म्हणाल्या, आमच्या वेळी आम्ही नुसता चहा पाजला, म्हणून आमचं नाव कुणाला आठवत नाही.

तर हे सगळं आम्ही कशासाठी शोधत होतो, ते सांगायचं राहिलंच.

दिवाळी झाली की आमच्या गावातले निम्म्याहून जास्त कोयते कारखान्यांकडं निघतात. बाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगतो, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पाच-सहा महिने उसाच्या फडात ती फेडायची. मुलं एक तर बरोबर जातात, नाही तर मागं आजीकडं राहतात, नाही तर शाळेच्या हंगामी वसतिगृहात. त्या वसतिगृहाच्या स्वयंपाकाचं काम आमच्या गटाकडं आहे. मुलं म्हणाली, संक्रांतीला तिळगूळ तर दरवर्षी असतो, या वेळी चॉकलेट करू या. टीव्हीवर त्यांनी नाताळची चॉकलेटं पाहिली होती, वर बर्फ असलेली.

पहिला प्रयत्न फसला, तो लपवत नाही. तालुक्याच्या बाजारातून आम्ही चॉकलेटची मोठी लादी आणली. तिला कंपाऊंड म्हणतात. पाचवीतल्या मुलीला पाकिटावरचं वाचायला लावलं. आधी साखर, मग वनस्पती तूप, मग कुठं कोको. कोकोचं तूप महाग म्हणून ते काढून घेतात आणि त्याजागी डालडाचा भाऊबंद घालतात. त्याचा एक फायदा आहे. खरं कोकोचं तूप चौतीस-पस्तीस अंशाला वितळतं, म्हणून ते तोंडात टाकताच विरघळतं, आणि म्हणूनच आपल्या उन्हाळ्यात दुकानातही विरघळतं. कंपाऊंड तसं सोशिक. लादी किसून, पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यावर कोरड्या भांड्यात वितळवायची, एवढंच काम. पण खालचं पाणी खदखदलं, वाफ आत गेली, आणि गुळगुळीत चॉकलेटचा बघता बघता चिखलासारखा गोळा झाला. वितळलेल्या चॉकलेटला पाण्याचे चार थेंब पुरतात. मुलं गप्प झाली. त्यांचे चेहरे बघवेनात. मग एकीनं डोकं चालवलं. थोडं पाणी सोसत नाही ना, मग जास्त घालून बघू. गरम दूध चमचा-चमचा घालत घोटत राहिली. पुन्हा सारखं झालं, पण पातळ. त्यात भाजक्या शेंगदाण्याचा कूट कालवून लाडू वळले. मुलांनी खाल्ले. चवीला बरे होते, दिसायला विचारू नका.

दुसऱ्या वेळी आम्ही ब्राझीलच्या बायकांचं ऐकलं. डब्यातलं दूध महाग, म्हणून एक लिटर म्हशीचं दूध पाऊण वाटी साखर घालून आटवलं, रबडीपेक्षा थोडं दाट. डबा आणायचा असेल तर चारशे ग्रॅमचा एक पुरतो. दूध बाजूला कोमट होऊ दिलं. तीन मोठे चमचे कोको पावडर चाळून घेतली, नाही तर गुठळ्या राहतात, थोड्या दुधात कालवली आणि सगळ्यात मिसळली. एक चमचा तूप. मंद आंचेवर सतत हलवायचं. दहाएक मिनिटांत गोळा कढई सोडायला लागतो, उलथनं तळाशी ओढलं की वाट दिसते, लगेच बुजत नाही. तेव्हा उतरवायचं. इथपर्यंतचं काम मोठ्यांनी करायचं, हे आम्ही बजावून सांगतो. साखरेचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट, तो हाताला चिकटून राहतो. गार झाल्यावर मात्र मुलांच्या हवाली. हाताला तुपाचं बोट, सुपारीएवढ्या गोळ्या. बर्फ आपल्याकडं कुठला? एका ताटात भाजलेले पांढरे तीळ होते, दुसऱ्यात सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस. काळी गोळी किसात घोळली की खरंच गारा पडल्यासारखी दिसते. फ्रिज लागला नाही. जानेवारीची रात्र पुरली.

गोळ्या वळता वळता आम्ही मुलांना बियांच्या नाण्याची गोष्ट सांगत होतो. तेव्हा सातवीतल्या एका मुलानं विचारलं, मग आता ती फळं कोण तोडतं?

याचं उत्तर द्यायला आम्हाला जड गेलं. कोको आता सगळ्यात जास्त पिकतो तो आफ्रिकेच्या पश्चिमेला, आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत. जगातला निम्म्याहून जास्त कोको तिथला. शेतं लहान, बहुतेक घरची. फळं कोयत्यानं उतरवतात, कोयत्यानं फोडतात, बिया केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस आंबवतात, मग उन्हात वाळवतात. शेतकऱ्याला मिळतं ते इतकं तोकडं, की मजूर लावणं परवडत नाही आणि मुलं कामाला लागतात. शिकागो विद्यापीठातल्या एका संस्थेच्या २०२० सालच्या अहवालात या दोन देशांत कोकोच्या कामात असलेल्या मुलांचा आकडा साडेपंधरा लाखांच्या वर दिला आहे. चॉकलेटच्या मोठ्या कंपन्यांनी २००१ साली करार करून म्हटलं होतं, २००५ पर्यंत मुलांची सगळ्यात वाईट मजुरी थांबवू. मुदत टळली. पुढची मुदतही टळली. आणि त्याच्या खूप आधी, तीनशे वर्षं अमेरिकेच्या बाजूच्या बेटांवर ज्या साखरेनं हे पेय गोड झालं, ती आफ्रिकेतून साखळदंडात नेलेल्या माणसांनी पिकवलेली होती.

आम्ही हे मुलांना सांगितलं. सोपं करून, पण सांगितलं. तो मुलगा म्हणाला, म्हणजे तिकडं पण कोयता. आम्ही काही बोललो नाही. गेल्या वर्षापर्यंत तो आईबापाबरोबर फडात होता. मोळी बांधणं, वाढे गोळा करणं, धाकटीला सांभाळणं त्यानं केलेलं आहे. साखरेला आणि चॉकलेटला दोन वेगळी गोष्ट समजून आम्ही बोलत होतो. त्याच्या लेखी ती एकच होती.

आमच्यातल्या दोघींचं मत पडलं, की असं असेल तर कोको वापरूच नये. बाकीच्यांचं म्हणणं, कोको टाकला तर साखरही टाकावी लागेल, आणि मग आपल्याच माणसांच्या हाताचं काम जाईल. वाद अजून चालू आहे. एक रस्ता आम्हाला थोडा बरा वाटतो. आपल्या देशातही कोको होतो, केरळ, कर्नाटक, आंध्र या भागांत, नारळ-सुपारीच्या सावलीत. कोकणातल्या काही बागांतही आहे. कर्नाटकातल्या मंगळूरची गोष्ट तर गटांनी ऐकण्यासारखी. १९७९-८० च्या सुमारास तिथं कोकोचे भाव कोसळले, खरेदीदारांनी हात आखडता घेतला, शेतकऱ्यांवर झाडं तोडायची वेळ आली. तेव्हा सुपारी शेतकऱ्यांची कॅम्पको नावाची सहकारी संस्था, १९७३ साली निघालेली, पुढं झाली. तिनं कोको विकत घ्यायला सुरुवात केली आणि १९८६ साली पुत्तूर इथं स्वतःचा चॉकलेट कारखाना उभा केला. शेतकऱ्यांच्या मालकीचा. तो आजही चालू आहे. पुढच्या खेपेला पावडर घेताना पाकीट उलटून बघायचं, कुठली आहे ते वाचायचं, असं आमचं ठरलं आहे. भावात किती फरक पडतो तेही लिहून ठेवू.

गोळ्या झाल्या एकशेचाळीस. चार वेळा कढई लावली. भोगीच्या दिवशी गावात बोरन्हाणं होती. तिथं पोरांच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे आणि हलवा ओततात, आणि हल्ली त्यात कागदातली चॉकलेटंही असतात. आमच्या गोळ्या काही ओतल्या नाहीत, तीळ सांडून वाया गेले असते. ताटातून हातात दिल्या. म्हाताऱ्यांनी आधी नाकं मुरडली आणि मग दुसरी मागितली.

वसतिगृहातल्या मुलांनी प्रत्येकी दोन खाल्ल्या आणि दोन बांधून ठेवल्या. त्याच दिवशी एका मुकादमाची गाडी कारखान्याकडं जाणार होती. वहीच्या कागदाच्या पुड्या, वर आईचं नाव आणि टोळीचं गाव. सव्वीस पुड्या एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून दिल्या. डब्याला मुंग्या लागू नयेत म्हणून आजींनी वरून ओलं फडकं गुंडाळलं.

दोन दिवसांनी पाचवीतल्या मुलीच्या आईचा फोन आला. फडातून बोलत होती, मागं ट्रॅक्टरचा आवाज. विचारत होती, तिळगूळ मिळाला, पण आत गूळ एवढा काळा कसा, जळला होता का? मुलगी फोन घेऊन बाहेरच्या पायरीवर बसली आणि आईला पहिल्यापासून सांगायला लागली, की एक देश होता, तिथं बियांचे पैसे होते, आणि शंभर बियांना एक टर्की मिळायची.